आप्त, परिचित आणि वृद्धांची बुद्धी



केस पिकतात, दात पडतात, दृष्टी मंदावते, गुडघे कुरकुरू लागतात. तरी माणूस तोच राहतो आणि घरचे लोकही त्याला पूर्वीच्याच नात्याने हाक मारतात. परंतु समोर बसलेल्या मुलाचे नाव ज्या दिवशी आईला आठवेनासे होते, त्या दिवशी सारे घर चरकते. जरेची इतर सर्व लक्षणे मनुष्य हसून वा कण्हून सोसतो. बुद्धीची जरा मात्र त्याला सोसवत नाही, कारण तीत शरीर घरात राहते आणि माणूस घराबाहेर जातो. या अवस्थेस वैद्यकात स्मृतिभ्रंश अथवा डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हा तिचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार होय.

आता एकाच वयाचे, एकाच शाळेत शिकलेले, एकाच प्रकारचे अन्न खाणारे दोन गृहस्थ घ्या. एक पंचाऐंशीव्या वर्षी गावातल्या चार पिढ्यांची नाती बिनचूक सांगतो आणि दुसरा सत्तरीतच बाजारातून घरी येण्याची वाट विसरतो. हे कशाने? वैद्य याचे उत्तर मेंदूच्या पेशींत, रक्तवाहिन्यांत आणि आनुवंशिकतेत शोधतो, व ते योग्यच आहे. समाजशास्त्रज्ञ मात्र त्या गृहस्थांना आणखी एक प्रश्न विचारतो, आणि तो इतका साधा आहे की प्रथम ऐकणाऱ्यास हसू यावे: गेल्या सहा महिन्यांत महत्त्वाच्या गोष्टी आपण कोणाकोणाशी बोललात? १९८५ साली अमेरिकेच्या एका राष्ट्रव्यापी सामाजिक पाहणीत हा प्रश्न घातला गेला, आणि तेव्हापासून तो या शास्त्राचे एक मुख्य उपकरण होऊन बसला आहे. त्या प्रश्नातून वृद्धांच्या बुद्धीविषयी काय निष्पन्न झाले, एवढाच या व्याख्यानाचा विषय.

माणसाचे जगणे त्याच्या संबंधांवर अवलंबून असते, हा विचार काही आजचा नव्हे. फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात असे दाखविले की, जे कृत्य अत्यंत खाजगी वाटते तेही समाजाशी असलेल्या बंधांच्या बळकटीप्रमाणे कमीअधिक होते. पण द्युर्केम यांच्यापुढे होत्या त्या मृत्यूच्या नोंदी. जिवंत माणसांना प्रश्न विचारावे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी, हे चिकाटीचे काम पुढील पिढ्यांकडे आले.

कॅलिफोर्नियातील आलामेडा परगण्यात १९६५ साली ६,९२८ प्रौढ स्त्रीपुरुषांना त्यांच्या संबंधांविषयी विचारण्यात आले: विवाह, मित्र व नातेवाईक यांच्या भेटीगाठी, चर्चचे सदस्यत्व, आणि इतर मंडळांतील सहभाग. नऊ वर्षांत त्यांपैकी कोण निवर्तले याचा हिशेब करून लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. यांतील साइम हे मूळचे समाजशास्त्राचेच पदवीधर. ज्यांना माणसांचा आधार सर्वांत कमी होता अशा पुरुषांत मृत्यूचे प्रमाण भरपूर संबंध असलेल्या पुरुषांच्या २.३ पट आणि स्त्रियांत २.८ पट निघाले. धूम्रपान, मद्यपान, स्थूलता, सांपत्तिक स्थिती यांचा हिशेब वेगळा काढला, तरीही अंतर पुरते मिटले नाही.

हे झाले आयुर्मानाचे. बुद्धीचे काय? त्याच बर्कमन आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील न्यू हेवन शहरात पासष्ट वर्षांवरील २,८१२ जणांचा बारा वर्षे मागोवा घेतला आणि १९९९ मध्ये त्याचा वृत्तांत दिला. त्यांनी सहा संबंध मोजले: जोडीदार, महिन्यातून तीन तरी आप्तमित्रांची प्रत्यक्ष भेट, वर्षातून दहा जणांशी पत्राने वा टेलिफोनने संपर्क, देवस्थानी उपस्थिती, एखाद्या मंडळाचे सदस्यत्व, आणि नियमित सामाजिक कार्यक्रम. या सहांपैकी ज्यांच्यापाशी एकही नव्हता, त्यांच्या बुद्धीची घसरण होण्याचा संभव पाच-सहा संबंध असलेल्यांच्या सुमारे दुप्पट आढळला. पुढील वर्षी स्टॉकहोमहून लॉरा फ्रातिलियोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. तेथील कुंग्सहोल्मेन भागातील पंचाहत्तरीपुढील १,२०३ वृद्ध, प्रारंभी सर्वांची बुद्धी शाबूत. सरासरी तीन वर्षांनी त्यांतील १७६ जणांना स्मृतिभ्रंश झालेला. ज्यांचे संबंधजाल तोकडे होते त्यांच्यात या रोगाचा धोका ६० टक्क्यांनी अधिक होता. याच लेखात एक बारीकशी नोंद आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: भेटी विरळ असल्या तरी त्या समाधानाच्या असतील, तर धोका वाढलेला दिसला नाही. रोज टेलिफोन करून, जेवलात का, औषध घेतले का, एवढे विचारून कर्तव्यपूर्तीचे समाधान मानणाऱ्या मुलांनी ही नोंद दोनदा वाचावी.

येथपर्यंतचा विचार ऐकून कोणीही म्हणेल की यात नवल ते काय. माणसाला माणूस हवे, हे सांगण्यास स्टॉकहोमला कशाला जावे? आक्षेप रास्त आहे. नवल पुढे आहे. माणूस हवे हे खरे. पण कोणते माणूस, या प्रश्नाचे जे उत्तर गेल्या काही वर्षांत मिळू लागले आहे ते आपल्या सर्वसाधारण समजुतीच्या अगदी विरुद्ध जाणारे आहे.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात ब्रिया पेरी या समाजशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. अल्झायमर रोग आणि संबंधजाल यांविषयी त्या मेंदूच्या वैद्यांच्या जोडीने अभ्यास करीत आल्या आहेत. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. वृद्धास नावे सांगावयास लावतात: महत्त्वाच्या गोष्टी कोणाशी बोलता, प्रकृतीविषयी कोणाशी, आणि असेच पुढे. नावांची यादी झाली की प्रत्येक नावाचे नाते, जवळीक, भेटीचे प्रमाण लिहून घेतात. मग येतो खरा मार्मिक प्रश्न: या यादीतील माणसे एकमेकांना ओळखतात काय?

एक उदाहरण कल्पून पाहू. एका आजोबांनी पाच नावे सांगितली: पत्नी, दोन मुलगे, सून आणि कन्या. पाच माणसांच्या जोड्या होतात दहा, आणि या दहाही जोड्यांतील माणसे परस्परांस ओळखतात. शास्त्राच्या भाषेत या जाळ्याची घनता पूर्ण एक झाली. दुसऱ्या आजोबांनीही पाचच नावे सांगितली: पत्नी, मुलगा, शाळेतला जुना सोबती, वाचनालयातील ग्रंथपाल आणि रोज दारावर येणारी भाजीवाली. येथे पत्नी मुलास ओळखते, पत्नी भाजीवालीस ओळखते. बाकीच्या आठ जोड्या एकमेकांस अनोळखी. घनता दोन दशांश. पहिल्या आजोबांचे जाळे म्हणजे घट्ट विणीचे घोंगडे. दुसऱ्यांचे म्हणजे सैल विणलेली जाळी, जिचा एकेक धागा गावाच्या वेगवेगळ्या आळीत गेलेला.

आता कोणाची बुद्धी अधिक टिकेल? लोकमत एकमुखाने पहिल्यांचे नाव घेईल, आणि शास्त्रातही या मतास आधार आहे. जिवाभावाच्या माणसांत मनाला स्वस्थता लाभते, चिंता कमी होते, आणि दीर्घकाळच्या चिंतेने मेंदूची जी झीज होते ती टळते. हा दृढ बंधांचा पक्ष. दुसरा पक्ष सेतुरूप बंधांचा. तो म्हणतो, निरनिराळ्या प्रकारच्या आणि एकमेकांस न ओळखणाऱ्या माणसांत वावरणाऱ्याच्या बुद्धीला रोज नवे खाद्य मिळते, म्हणून ती तरतरीत राहते. पेरी आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात हे दोन पक्ष समोरासमोर उभे करून तपासले. कौल दुसऱ्या पक्षाकडे गेला. ज्यांचे जाळे मोठे, सैल आणि नात्याबाहेर पसरलेले, त्यांची बुद्धीच्या कसोट्यांतील कामगिरी सरस. नुसत्या घट्ट आप्तवर्तुळाशी तसा लाभ जोडलेला दिसला नाही.

अशा सैल धाग्यांची थोरवी मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच एका प्रसिद्ध निबंधात सांगितली होती, पण ती नोकरी मिळण्याच्या संदर्भात. जिवलग मित्राला आपल्यासारखेच सारे ठाऊक असते. नवी बातमी येते ती दूरच्या ओळखीकडून. चाकरीचे जे खरे, ते चाळिशीनंतर तीस-चाळीस वर्षांनी बुद्धीच्याही बाबतीत खरे ठरावे, हे त्या निबंधाच्या वेळी क्वचितच कोणाच्या ध्यानी आले असेल.

असे का व्हावे? येथे वाक्यशास्त्राचा थोडा आधार घेतला तर उलगडा लवकर होतो. चाळीस वर्षे संसार केलेली पत्नी पतीचे "अहो, ते आणलेत का?" एवढ्याने पूर्ण बोलते; काय, कोठून, कोणासाठी, हे सर्व ऐकणारा अध्याहाराने भरून घेतो. घरचे संभाषण बहुतेक असेच अध्याहारावर चाललेले असते, आणि तेच त्याचे माधुर्य आहे. परंतु भाजीवालीशी, पोस्टमनशी, आगगाडीतील सहप्रवाशाशी बोलताना अध्याहार चालत नाही. कर्ता, कर्म, क्रिया सारे उच्चारावे लागते. ऐकणाऱ्यास आधीचे काय ठाऊक आहे याचा अंदाज घ्यावा लागतो. नाव आठवावे लागते, मागील भेटीत काय बोलणे झाले ते आठवावे लागते. तूं म्हणावे की आपण, विनोद करावा की करू नये, हे क्षणात ठरवावे लागते. आणि अनपेक्षित उत्तर आले तर मनातले वाक्य मोडून दुसरे रचावे लागते. स्मृती, अवधान, भाषा आणि परचित्ताचे अनुमान, या चारही शक्ती एका पाच मिनिटांच्या गप्पांत राबतात. तालमीत जोर-बैठका काढाव्यात तसा हा बुद्धीचा व्यायाम होतो, आणि करणाऱ्यास तो व्यायाम वाटतही नाही.

उलटपक्षी घरातील प्रेमच पुष्कळदा हा व्यायाम बंद पाडते. आजोबांना शब्द आठवेना की सून तो पटकन पुरविते. हिशेब चुकू लागला की मुलगा बँकेचे पुस्तक आपल्याकडे घेतो. दार वाजले की नातू धावतो. प्रत्येक कृती मायेची, पण सर्वांची बेरीज अशी होते की आजोबांना दिवसभरात एकही वाक्य स्वतःच पूर्ण करावे लागत नाही.

एक शंका येथे साहजिक आहे. गप्पांनी मेंदूचा रोग थांबतो काय? तसे म्हणण्यास आधार नाही, आणि जे म्हणतात ते अतिशयोक्ती करतात. मेंदूची विकृती आणि बुद्धीचा व्यवहार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट केले ते अमेरिकेतील जोगिणींच्या एका मठाने. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ मध्ये मिनेसोटा राज्यातील मॅन्काटो येथे 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या संघातील वृद्ध जोगिणींचा अभ्यास आरंभिला. पुढे इतर ठिकाणच्या मिळून ६७८ जणी त्यात सामील झाल्या. सर्वांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. दरवर्षी बुद्धीची परीक्षा द्यावयाची आणि मृत्यूनंतर मेंदू शास्त्राला अर्पण करावयाचा, असा त्यांचा संकल्प. आयुष्यभर विद्यादान केलेल्या या स्त्रियांनी देहपातानंतरही अध्यापन सोडले नाही, असेच म्हणावे लागते. त्यांतील एक सिस्टर मेरी. त्या १०१ वर्षे जगल्या आणि अखेरपर्यंत परीक्षेत उत्तम गुण मिळवीत राहिल्या. पण मृत्यूनंतर मेंदू पाहिला, तो अल्झायमरची पुटे आणि गुंतवळे यांनी भरलेला! रोग होता, रोगी नव्हती. अशा वेळी विद्वान बुद्धीच्या राखीव साठ्याची कल्पना मांडतात. शिक्षण, वाचन, बोलणेचालणे यांनी आयुष्यभर जो साठा होतो, त्यावर विकृत मेंदूही काही काळ आपला प्रपंच चालवितो. मात्र याच अभ्यासावरून संबंधजालाविषयी काही सिद्ध होते असे कोणी समजू नये. त्या जोगिणींचे राहणे, जेवण, प्रार्थना, सोबत सारे जवळजवळ सारखे; जेथे भेदच नाही तेथे भेदाचा परिणाम मोजावा कसा? समाजशास्त्रज्ञाला मठापेक्षा बाजारपेठ अधिक उपयोगी पडते ती याचमुळे.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप घेऊ. ज्याची बुद्धी ढळू लागली आहे तो आपणच माणसांत जाण्याचे टाळतो. नावे आठवत नाहीत, पत्त्यांच्या डावात हुकूम कोणता हे विसरतो, लोक हसतील असे वाटते; म्हणून घरी बसतो. मग माणसे कमी झाली म्हणून बुद्धी गेली, की बुद्धी जाऊ लागली म्हणून माणसे कमी झाली? हा बीजांकुरन्याय आहे, आणि स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत तो विशेष घातक आहे, कारण या रोगाची पावले निदानापूर्वी कित्येक वर्षे पडू लागलेली असतात. तीन वर्षांचा मागोवा हा आक्षेप पुरता खोडून काढू शकत नाही.

दुसरा आक्षेप उपाधीचा. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान निर्दोष. पण अग्नी आहे म्हणून धूर आहे असे म्हटले की ते फसते, कारण तापलेल्या लोहगोलात अग्नी असतो, धूर नसतो. धुरास ओले सरपण लागते. ते ओले सरपण ही उपाधी. आजचे संख्याशास्त्रज्ञ मोठमोठ्या सारण्या मांडून शोधतात ते हेच ओले सरपण, नाव काय ते वेगळे. येथे उपाधी कोणकोणत्या संभवतात? शिक्षण ही एक. शिकलेल्याच्या ओळखीही अधिक आणि बुद्धीचा साठाही अधिक. दुसरी, जिच्याकडे घरोघर दुर्लक्ष होते, ती म्हणजे बहिरेपणा. ऐकू कमी येऊ लागले की माणूस सभेतून, देवळातून, ओट्यावरून हळूहळू उठतो, आणि बहिरेपणाचा स्मृतिभ्रंशाशी स्वतंत्र संबंधही आढळला आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली, आणि ती सारी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल असा अंदाज दिला. त्यात श्रवणदोषाचा वाटा ७ टक्के आणि एकाकीपणाचा ५ टक्के धरला आहे. पाच टक्के म्हणजे फार नव्हे. पण ही पाच टक्के अशी आहेत की त्यांवर औषधाची चिठ्ठी लागत नाही.

बीजांकुराच्या आक्षेपास दोन दिशांनी उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. पहिली दिशा दीर्घ काळाची. लंडनमधील सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या १०,२२८ स्त्रीपुरुषांच्या संबंधांची माहिती १९८५ पासून वेळोवेळी घेतली गेली, आणि त्यांपैकी कोणास पुढे स्मृतिभ्रंश झाला हे २०१७ पर्यंत पाहिले गेले. अँड्र्यू सॉमरलॅड आणि सहकारी यांनी २०१९ मध्ये निष्कर्ष दिला की, साठाव्या वर्षी ज्यांची मित्रांशी जवळजवळ रोज गाठ पडे, त्यांना हा रोग होण्याचा संभव काही महिन्यांतून एक-दोन मित्रांनाच भेटणाऱ्यांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होता. रोग बहुधा साठीत नसतो. म्हणून येथे मित्र आधी, रोग नंतर, हा क्रम बराचसा विश्वसनीय ठरतो. आणि नातेवाइकांच्या भेटी? त्यांचा असा काही परिणाम दिसला नाही. पेरी यांच्या निष्कर्षाशी, वेगळ्या देशातून आणि वेगळ्या रीतीने, हा किती जुळतो ते पाहावे.

दुसरी दिशा प्रयोगाची. हिरोको डॉज यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत पंचाहत्तरीपुढील, माणसांपासून तुटलेल्या १८६ वृद्धांवर असा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. दोन्ही गटांना आठवड्यातून एकदा दहा मिनिटे टेलिफोन येई. त्याशिवाय एका गटाशी शिकवून तयार केलेली माणसे चित्रध्वनी-यंत्रावर समोरासमोर बोलत, आठवड्यातून चार वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास. सहा महिन्यांनंतर तीस गुणांच्या एका प्रसिद्ध कसोटीत संभाषण करणारा गट दुसऱ्यापेक्षा सुमारे पावणेदोन गुणांनी पुढे होता. प्रयोग लहान आहे, आणि पावणेदोन गुणांवर कोणी उत्सव करू नये. तथापि बोलणारे ते लोक वृद्धांचे मुलगे नव्हते, सुना नव्हत्या; पूर्वी कधी न पाहिलेली माणसे होती. अध्याहार तेथे शक्यच नव्हता.

हे सर्व परदेशचे. भारताविषयी काय ठाऊक आहे? २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक लोकांची एक मोठी राष्ट्रीय पाहणी सुरू झाली, आणि तिच्याशी जोडलेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाने २०२३ मध्ये अंदाज दिला की साठीपुढील भारतीयांत हा रोग ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक. खेड्यात माणसांचा राबता असूनही असे का, या प्रश्नावरून सेतुबंधाच्या सिद्धांतास दूषण देण्याची घाई मात्र नको. तेथे निरक्षरता हे फार मोठे ओले सरपण आहे.

आपल्या मराठी घरांस या विचाराचा काटा नेमका कोठे बोचतो, ते उघड आहे. बेळगावचे, धारचे, बडोद्याचे आईवडील थकले की पुण्यामुंबईचा किंवा त्याहून दूरचा मुलगा त्यांना आपल्याकडे नेतो. त्यात त्याचे कर्तव्य असते, प्रेम असते, आणि लोकही म्हणतात, आता काय कमी आहे, सारे एका छताखाली आले. पहिल्या आजोबांच्या यादीसारखी यादी! परंतु ज्या दिवशी गावचा दरवाजा कुलूप लावून बंद होतो, त्या दिवशी न्हावी, वाणी, वाचनालय, देवळाच्या पायऱ्या, पेन्शनीच्या रांगेतले सोबती, ज्याच्याशी तीस वर्षे वाद घातला तो शेजारी, हे सारे धागे एका तासात तुटतात, आणि त्यांची मोजदाद कोणी करीत नाही, कारण ती "आपली" माणसे नसतात. नव्या शहराची भाषाही कधी वेगळी असते. आजीचे तर आणखी अवघड. पुरुषाला निदान कट्टा असतो. तिचे घराबाहेरचे जग हळदीकुंकू, भजनी मंडळ, विहिरीवरच्या वा नळावरच्या बायका यांत साठविलेले असते. हळदीकुंकवास कोणी बायकी उपचार म्हणून नाक मुरडले तर त्याने घनतेचा हिशेब मांडून पाहावा: निरनिराळ्या घरच्या, निरनिराळ्या वयाच्या, एरवी परस्परांस क्वचित भेटणाऱ्या वीस स्त्रिया एका दुपारी एका ओसरीवर! समाजशास्त्रज्ञाला याहून उत्तम सेतू कल्पिता येणार नाही. आणि या सोहळ्यापासून विधवांना दूर ठेवणारी रूढी, म्हणजे ज्यांचा एक मोठा धागा नुकताच तुटला त्यांचेच उरलेले धागे तोडणारी रूढी, किती अविचाराची होती आणि जेथे उरली आहे तेथे किती अविचाराची आहे, हेही त्याच हिशेबातून निघते.

यावरून आप्तांची किंमत कमी होते असा अर्थ मात्र कोणी काढू नये. सेतू बुद्धी जागी ठेवतात. पण रोग खरोखर जडला की बाहेरची माणसेच बहुधा आधी गळतात. काय बोलावे ते त्यांना सुचत नाही, तोच प्रश्न पाचव्यांदा ऐकून ती अवघडतात. मग स्नान घालणे, भरविणे, रात्री दार उघडून निघालेल्या वडिलांना परत आणणे, यासाठी जी उरतात ती घट्ट विणीचीच माणसे, आणि त्यांतही हा भार बहुतेक ठिकाणी एखाद्या सुनेच्या, कन्येच्या किंवा स्वतःच वृद्ध झालेल्या पत्नीच्या खांद्यावर पडतो. तिच्या स्वतःच्या यादीत त्या काळात किती नावे उरतात, हाही या शास्त्राचाच एक प्रश्न आहे.

उतारवयात तुटलेले धागे पुन्हा जोडले जातात काय? शिकागो विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी २००५-०६ मध्ये ५७ ते ८५ वर्षे वयाच्या ३,००५ अमेरिकन स्त्रीपुरुषांच्या याद्या करून ठेवल्या होत्या. तेव्हाच एक गोष्ट दिसली होती: वयाबरोबर जिव्हाळ्याच्या माणसांची यादी आखूड होते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळणे, उपासनेस जाणे आणि विनावेतन सेवाकार्य करणे ही उलट वाढतात. २०१०-११ मध्ये त्यांच्याकडे पुन्हा जाऊन तोच प्रश्न विचारला, कोणाशी बोलता? बेंजामिन कॉर्नवेल आणि एडवर्ड लाउमन यांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. पाच वर्षांत मृत्यूने, स्थलांतराने, भांडणाने बरीच नावे गळाली होती. परंतु सत्तरी आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या कित्येकांच्या यादीत पहिल्या वेळी नसलेली नवी नावेही होती; आणि ज्यांनी अशी नवी माणसे जोडली होती त्यांची प्रकृती, हिंडणेफिरणे आणि मनाची प्रसन्नता ही, जुनी किती गेली याचा हिशेब बाजूस ठेवूनही, अधिक चांगली आढळली.